शंभर किल्ल्यांची विहीर

गावाएवढ्या एका राज्यात राजाच नव्हता, अन् गंमत अशी की कुणाचं काही अडतही नव्हतं! राज्यात विहीर एकच. तिच्या शंभर किल्ल्या शंभर घरांत. ज्याच्या हाती एक्कावन्न, विहीर त्याची. राखणीला प्रधान म्हणून शंभरांनी सुगंधेला नेमलं होतं. काठावर ताम्रपट होता: ‘प्रधानाने विहीर राखावी. नवी किल्ली घडवू नये. घडवल्यास पाणी दगड होईल.’

एके दिवशी कुरंग नावाचा मायावी आला. किल्लीमागे एक उडता घोडा देऊ लागला. बघता बघता पन्नास किल्ल्या त्याच्या कमरेला!

सुगंधेचा जीव टांगणीला लागला. उद्या हा पाणी तोडेल, गाव तहानेनं मरेल! तिनं लोहाराला बोलावलं. “शंभर नव्या घडव. माझ्या भरवशाच्या माणसांना वाटते, म्हणजे एक्कावन्न मिळूनही त्याला विहीर मिळायची नाही.” विहीर वाचवायलाच ना? पण पहिली किल्ली घडली आणि पाणी दगड झालं.

ती धाय मोकलून रडली. तेव्हा ताम्रपटावर बसलेला भारद्वाज पक्षी बोलला, “प्रधान, तीन कामे कर. घडवलेली किल्ली स्वहस्ते वितळव. किल्लीवाल्यांना चूक सांग. मग किल्ली द्यायची की नाही, हा निवाडा त्यांच्यावर सोड; एक शब्दही बोलू नकोस.”

पहिल्या कामात तिचे हात भाजले. दुसऱ्यात मान खाली गेली. पण तिसरं! बाई गं, ते महाकठीण.

कुरंगानं कासाई कुंभारणीपुढे घोडा उभा केला. “एकच किल्ली हवी. दे.”

कासाईनं विचारलं, “प्रधानबाई, देऊ का?”

सुगंधेच्या ओठांवर ‘नको’ आलं होतं. तिनं ते गिळलं. डोळ्यांतलं पाणी मात्र थांबेना.

कासाईनं ते पाहिलं आणि आपली किल्ली पदराला बांधली. मग कुरंगाला म्हणाली, “हिनं चूक केली, ती चारचौघांत कबूल केली. आता जीव तुटतोय, तरी माझा हात धरत नाही. तुझ्या राज्यात मला कोण विचारणार रे? ने तुझं घोडं!”

दगड तडकला. विहीर काठोकाठ भरली. कुरंगाचे घोडे धूर झाले, आणि पन्नास किल्ल्या आपापल्या घरी उडून गेल्या.

सुगंधेनं प्रधानकीची पगडी उतरवून ठेवली. कासाईनं ती उचलून पुन्हा तिच्या डोक्यावर चढवली, म्हणाली, “घाल गं बाई. ताम्रपटानं तुझे हात बांधलेत, म्हणून तर आम्ही निवांत झोपतो.”

ज्या गावाला असा प्रधान मिळाला, त्याचं पाणी गोड राहिलं. तुमचंही राहो.