गिरजाऊची सहाण

पाडळखिंडीच्या टेकडीवर एक मोठी काळी सहाण आहे. तिच्या मधोमध खळगा, आणि तो बारमाही हळदीनं पिवळा. आईच्या पायाची जखम महिनोन्महिने भरत नव्हती, म्हणून मावशीच्या सांगण्यावरून मी तिथं गेले. वाकून खळग्याला बोट लावणार, तोच मागून कुणीतरी मनगट धरलं. मी केवढ्यानं दचकले.

"इथं आपल्या हातानं हळद घ्यायची नसती, पोरी," सहाणेची पूजा करणाऱ्या येसूआक्का गुरव म्हणाल्या. "बस आधी. उभ्यानं ऐकायची गोष्ट न्हाई ही."

फार पूर्वी गावात अंगभर फोड आणणारा ताप आला, असं सांगतात. वैद्य नदीपलीकडं, आणि पुरात नाव घालायला कुणी धजेना. तेव्हा गिरजाऊ नावाची एकटी बाई या सहाणेपाशी बसली. शेवटचा फोड सुकेपर्यंत पाठ टेकणार नाही, असा तिनं शब्द दिला. हळकुंड उगाळायचं, घरोघर लेप लावायचा, खोकणाऱ्याला हळद घालून दूध पाजायचं, परत येऊन उगाळायचं. माणसं हळूहळू सावरली. सावरलेली दारातून हाका मारायची म्हणे, "आमच्याकडं अजून न्हाई आलीस गं गिरजाऊ."

उगाळता उगाळता तिचा तळहात सहाणेच्या धारेवर सोलवटला. मग चिघळला. पण हात सदा हळदीनं माखलेले, त्यामुळं कुणाला दिसला नाही. एकदा तिच्या हातून वाटी सुटली, तेव्हा हाताला काय झालं म्हणून एका म्हातारीनं हटकलं. बाकीचे हसले. "हळदीत बुडालेल्या हाताला काय धाड भरलीय?" तिलाही ते खरंच वाटलं असावं. जखम धुऊन, बांधून, हात जरा मांडीवर ठेव म्हणणारं कुणी नव्हतं.

शेवटचा फोड सुकला त्या दिवशी ती सहाणेला टेकली. लोक नारळ घेऊन वर आले, तर ती उठेना. तिला शेवटची अंघोळ घालताना हातांची हळद धुतली गेली, आणि तो तळहात गावानं पहिल्यांदा पाहिला.

आजही पाडळखिंडीत कुणी आपल्या जखमेला आपण हळद लावत नाही, दुसऱ्यानं लावायची. आणि आजाऱ्यासाठी हळद न्यायला आलेल्यानं आधी स्वतःचे तळहात धुऊन दाखवायचे.

आक्कांनी तांब्या कलता केला. मी हात पुढं धरले.

"मला काही झालेलं नाही, आक्का."

"दिसतंय. झोपली कधी होतीस?"

मला आठवेना.

"घरात आणि कोण हाय?"

"दादा. पुण्याला असतो."

"लाव त्याला फोन. आईला दवाखान्यात न्यायला ये म्हणावं. म्हैनाम्हैना जखम भरंना, तर नुसत्या हळदीवर राहू नगं."

मी सहाणेला टेकून फोन लावला. रिंग वाजत राहिली. दादा बोलेपर्यंत आक्कांनी हळदीची पुडी पदराखालून काढली नाही.