पाठमोरी मंजुळा

आंबेगडच्या धवलसेन महाराजांना नवा ब्राउझर हवा होता. जुना फार रेंगाळतो म्हणे. पण जुन्यात साठवलेले चौसष्ट पासवर्ड नव्यात जायला हवे होते, आणि महाराजांना त्यातला एकही आठवत नव्हता.

"सूर्यास्ताच्या आत हलवा," त्यांनी राजवाड्याचा संगणक सांभाळणाऱ्या दादोबाला फर्मावलं. "मात्र हलवणाऱ्याने एकही बघायचा नाही. बघितलास तर कोठडी. नाही जमलं तर नोकरी गेली, आणि राजवाड्यामागची खोलीही."

"महाराज, न बघता नेऊ कसे?"

"ते आम्हीच सांगायचं, तर तुला पगार कशाचा?"

दादोबा घरी येऊन कपाळाला हात लावून बसला. त्याची बायको मंजुळा नुकतीच नदीवरून परतली होती. काल हरतालिका झाली, आज वाळूच्या पिंडीचं विसर्जन. नखांत अजून वाळू होती. तिने सगळं ऐकून घेतलं. संगणकाच्या गोष्टी लग्नापासून ऐकून ऐकून तिला आरतीसारख्या पाठ झाल्या होत्या.

"अहो, पूजेत भटजी काय करतात?"

"सांगतात."

"आणि पळीने उदक कोण सोडतं?"

"यजमान."

"मग तुम्ही पळीला हात लावायला का निघालात? चला."

दरबारात हेमाजी प्रधान आधीच हजर होते. त्यांनी मोठ्या मनाने तोड काढली होती: महाराजांनी पासवर्ड वाचून दाखवावेत, आपण वहीत उतरवू, आणि वही आपल्याच उशाशी जपून ठेवू.

मंजुळेने संगणकापुढे एक पाट मांडला, तो महाराजांना. दुसरा स्वतःला, भिंतीकडे तोंड करून.

"हे काय?" महाराजांनी विचारलं.

"आपण यजमान, मी सांगणारी. हात आपला, डोळेही आपलेच."

"राजाने बटणं दाबायची?"

"सत्यनारायणाला उदक सोडायला महाराज प्रधानजींना पाठवतात का?"

कुणीतरी खोकल्याचं निमित्त करून हसलं. महाराज पाटावर बसले.

"जुना ब्राउझर उघडा. सेटिंग्जमध्ये पासवर्ड, आणि तिथे एक्सपोर्ट."

"हा म्हणतो, बोट ठेवून ओळख पटवा."

"बघा, त्यालाही मालकच हवाय. बरं झालं आपण बसलात."

"फाईल कुठे ठेवू? 'दरबार' नावाचं फोल्डर दिसतंय."

"तिथेच ठेवावी, सोयीचं पडतं," हेमाजी लगबगीने म्हणाले.

"त्या फोल्डरमध्ये सगळ्या दरबाराची ये-जा असते," मंजुळा भिंतीला म्हणाली. "भर रस्त्यात कुणी पूजा मांडतं का? आपल्या खासगीत ठेवा, महाराज."

महाराजांनी ठेवली. पण राहवेना म्हणून उघडून बघितली, आणि त्यांचा आवाज खाली आला. "अगं, यात तर सगळं उघडं लिहिलंय! कुणीही वाचावं असं."

"म्हणून तर ती वाळूची पिंड समजायची. काम होईपर्यंतच."

महाराज यादी वाचत पुटपुटू लागले. "खजिना... बरं. गजशाळा... हाही तोच. मुदपाकखाना... हाही तोच." हे बराच वेळ चाललं. मंजुळा भिंत बघत होती.

"आता नव्या ब्राउझरमध्ये इम्पोर्ट, आणि तीच फाईल."

"चौसष्ट आले म्हणतोय."

"झालं तर," हेमाजी म्हणाले. "फाईल मात्र राहू द्यावी, महाराज. असावी हाताशी. सांभाळायला मी आहेच."

"आधी उत्तरपूजा," मंजुळा म्हणाली. "खजिना आणि गजशाळा नव्यातून उघडून बघा."

दोन्ही उघडले.

"मग आता विसर्जन. फाईल काढून टाका."

"टाकली."

"कुठे गेली?"

"रिसायकल बिनमध्ये."

"म्हणजे पिंड अजून काठावरच आहे, येणारा-जाणारा उचलून नेईल. बिन रिकामा करा. आणि जुन्या ब्राउझरमधलेही पुसा."

महाराजांनी पुसले. हेमाजींचा चेहरा उपासाच्या तिसऱ्या प्रहरासारखा झाला.

"महाराज, हुकूम तो हुकूम," ते म्हणाले. "हिला काहीच कळलं नाही, याला पुरावा काय?"

महाराज गंभीर झाले. "खरं आहे. बाई, देवाला स्मरून सांग, तुला काय कळलं?"

दादोबा दोन पावलं पुढे आला.

मंजुळा अजून पाठमोरीच होती. "पासवर्ड एकही नाही, महाराज. पण आपण 'हाही तोच' असं त्रेसष्ट वेळा म्हणालात. तेव्हा कुलुपं चौसष्ट आणि किल्ली एकच, एवढं कळलं. ते प्रधानजींनाही कळलं असेल. पाठ माझी फिरलेली होती, कान सगळ्यांचेच उघडे होते."

महाराज असे हसले की खालचा पाट डुगडुगला. "म्हणजे कोठडीत घालायचं तर सगळ्या दरबाराला घालावं लागेल! माग बाई, दक्षिणा माग."

"यांची नोकरी आणि आमची खोली राहू दे. आणि सूर्यास्ताच्या आत चौसष्ट नवे पासवर्ड होऊ देत, एकासारखा दुसरा नको."

"ते बसवणार कोण?"

"यजमान."

महाराजांनी हसत हसत बोटातली अंगठी दादोबाला दिली, राणीसाहेबांनी मंजुळेची जरीच्या लुगड्याने ओटी भरली, आणि नवराबायको दाराशी पोचतात तोच पाटावरून हाक आली.

"अगं मंजुळे, खजिन्याला काय ठेवू गं?"

मंजुळेने दोन्ही कानांवर हात ठेवले. "महाराज, आता भिंतीकडे तोंड करून आपण बसा, आणि मनातल्या मनात ठरवा."