माणकोजीशेटचा ‘लाभ’

कासारखेडच्या ओढ्याकाठी जोगनाथ महाराज राहायला आले, त्या वर्षीची ही गोष्ट. गावात माणकोजीशेटची धान्याची मोठी पेढी होती आणि तिथे केरबा मापाडी होता. पहिली पायली ओतताना मापाडी ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो. मग दोन, तीन. केरबाने ‘लाभ’ म्हटले की गिऱ्हाईक निर्धास्त होई.

शेट मोठे देवभक्त, बरे का! देवाच्या धान्याची पायली त्यांनी वेगळी ठेवली होती, अगदी पुरी. गिऱ्हाइकाच्या पायलीला मात्र आतून दुसरा तळ ठोकून घेतला. केरबाने ती हातात घेतली आणि खाली ठेवली.

"शेट, या पायलीवर माझ्याच्याने लाभ म्हणवणार नाही."

शेट हसले. "महाराजांच्या पायाशी बसून शहाणा झालास होय? धर्म देवळात, धंदा पेढीवर. जा, तिथेच माप घाल आता."

केरबाचे काम गेले. निम्मे गाव पेढीवर पोसलेले. शेटचा रोष पत्करून त्याच्याशी बोलणार कोण? बायको वारलेली, लेक दूर सासरी. दिवसच्या दिवस तोंडातून शब्द निघायचा नाही. फार एकटा पडला बिचारा. "खरे वागून मी चुकलो का?" असे त्याने महाराजांना विचारले. महाराज नुसते पाहत राहिले. तेही बोलेनात, तेव्हा मात्र त्याला रडू आवरले नाही.

पुढे महाराजांकडे भंडारा ठरला. आदल्या दिवशी शेटनी बारा पोती जोंधळा आणला. दळणाला गावातल्या बायका जात्यांपाशी खोळंबल्या होत्या. शेट देवाची पायली घेऊन स्वतःच मापायला बसले. लांब उभ्या केरबाला म्हणाले, "बघ रे, माप असे घालतात."

पहिली पायली ओतली. "लाभ." दुसरी ओतली. "लाभ." शेट चपापले. तिसरीलाही लाभच. ‘दोन’ काही केल्या जिभेवर येईना! पोती रिकामी झाली, शेट घामाघूम झाले, आणि समोर पाहावे तर रास जेमतेम पायलीभर.

"महाराज, पायली खरी आहे हो," शेट काकुळतीला आले.

"पायली खरीच आहे," महाराज म्हणाले. "पण हात तोच ना, शेट?" मग वळून म्हणाले, "केरबा, ये बाळा."

केरबाचे डोळे भरून आले. तीच पायली त्याने त्याच एवढ्याशा राशीतून भरली आणि शेजारच्या घोंगडीवर ओतली. "लाभ. दोन. तीन." तो मापत गेला, पण रास सरेना. बारा पोत्यांचे माप पुरते भरले, तेव्हाच ती संपली.

शेट महाराजांच्या पायांवर कोसळले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"माझ्या मापात तुम्ही कधीच मारले नाही, शेट. ज्यांच्या मापात मारले, ते तिकडे आहेत."

शेट उठले. जात्यांपाशी बसलेल्या बायांसमोर आणि केरबासमोर त्यांनी जमिनीला डोके टेकले, आणि बराच वेळ उचलले नाही.