नावाचा शिलिंग

त्या राज्यात मोजणी बदलली होती. बारा पेन्यांचा एक शिलिंग, हा पिढ्यानपिढ्यांचा हिशेब एका सकाळी राजाज्ञेने रद्द झाला. यापुढे सारे दहादहाने मोजायचे. पेन्या भट्टीत गेल्या. शिलिंगांची पोती भरली जात असताना एक जुना, चांदीचा शिलिंग घरंगळला. एका खलाशाने त्याला उचलून खिशात टाकले.

समुद्रापलीकडच्या एका उष्ण देशात आपले नाव अजून चालते, असे शिलिंगाच्या कानावर आले होते. इथले राज्यकर्ते तिथून कधीच निघून गेले, त्यांचे निशाण उतरले, नाण्यावरचा राजाचा चेहराही गेला. नाव तेवढे राहिले. नाव आहे तिथे मानही असणार, असे तो वाटभर स्वतःला समजावत होता.

त्या देशी उतरल्यावर खलाशाने त्याला बाजारात मीठ विकणाऱ्या झुहुरा म्हातारीपुढे ठेवले.

"शिलिंग?" ती हसली. "अरे बाबा, शिलिंगात मिठाचा खडा चाटायलासुद्धा मिळत नाही."

"चांदीचा आहे, आजी."

तिने तो दाताखाली धरून पाहिला. "मग चांदी म्हण की. शिलिंग म्हणून कशाला त्याची किंमत घालवतोस?"

खलाशाला मीठ देऊन तिने शिलिंग डब्यात टाकला. तळाशी त्याच नावाचे एक नाणे पडले होते. पत्र्यासारखे पातळ, वाऱ्याने उडेल असे.

"माझ्यासाठी माणसं दिवसभर राबायची," चांदीचा शिलिंग म्हणाला.

"मी रस्त्यात पडलो तर मला कुणी उचलतसुद्धा नाही."

"मग हे नाव टाकून का देत नाहीस?"

पातळ शिलिंग म्हणाला, "टाकून काय म्हणवून घेऊ? तुमच्या आधीची आमची नावं आता कुणालाच आठवत नाहीत."



दुसऱ्या दिवशी झुहुराने चांदीच्या शिलिंगाला सोनाराकडे दिले. मुशीत आधी राजाचे नाक गेले, मग मुकुट. 'शिलिंग' ही अक्षरे मात्र वितळेनात. ती मळीसारखी वर तरंगत राहिली. सोनाराने ती पळीने काढून दाराबाहेर फेकली आणि चांदी तागडीत घातली. वजन गुंजभरही कमी भरले नाही.

बाहेर कोंबड्या धावत आल्या. त्यांनी अक्षरांवर एकदोनदा चोच मारून पाहिली आणि पुन्हा माती उकरू लागल्या.