फाळका उघडा होता

सांगलीत हणमंत माळी आणि त्याचा धाकटा भाऊ सुखदेव टेम्पोत रोपं, खत, गवत कापायचं यंत्र घालून बंगल्याबंगल्यांच्या बागा राखायचे. एके सकाळी त्यांच्या उभ्या टेम्पोला डंपर धडकला. टेम्पो चेपला आणि हणमंत गेला.

दिवसकार्य होतं न होतं तोच विमा कंपनीचा निरोप आला, "गाडी तपासायला आणा." क्रेनवाल्यानं टेम्पो ओढत आणला आणि कचेरीच्या फाटकातच सोडला. सुखदेवला एकच काळजी होती. भरपाई नाही मिळाली तर दुसरा टेम्पो कुठला, आणि वहिनीनं पोरांना खायला घालायचं काय?

विमा कंपनीच्या दाबकेसाहेबांनी विचारलं, "धडक बसली तेव्हा मागचा फाळका उघडा होता?"

"होय. दादा गिऱ्हाइकाला रोपं दाखवत होता."

"मग ती गाडी नव्हेच, दुकान झालं. आमचा विमा गाडीचा." साहेबांनी तसं लिहून शिक्का मारला.

सुखदेव बाहेर येऊन टेम्पोला टेकून बसला आणि रडू लागला. तेवढ्यात हॉर्न वाजला. दाबक्यांची मोटार फाटकात अडली होती, शेजारी वरचे साहेब बसले होते.

"ए, गाडी काढ ती!" दाबके ओरडले.

सुखदेव ताडकन उठला. "कुठली गाडी, साहेब? फाळका अजून उघडाच आहे. दुकान कसं हलवू? गाडी आहे असं लिहून द्या, लगेच काढतो."

जमलेले लोक हसले. वरचे साहेब हसले नाहीत. "दाबके, द्या लिहून," ते म्हणाले.

नवा कागद हातात पडल्यावरच सुखदेवनं क्रेनवाल्याला फोन लावला.