हात न लावता नेलेला ट्रॅक्टर

हिंगणगडच्या सरकारांची अट ऐकून चार गिऱ्हाइकं आल्या पावली परत गेली होती. पाचवी आली हौसा माळीण.

विकायला काढला होता तो राजवाड्याच्या बागेतला छोटा ट्रॅक्टर. थोरल्या महाराजांनी हट्टाने विलायतेहून बोटीने आणवलेला, उंचीला जेमतेम म्हशीएवढा. वय साठीच्या पुढे, तरी रंग टवटवीत, कारण रणधीरराव सरकार रोज सकाळी स्वतः त्याला पुसत. विकायची त्यांची मुळीच इच्छा नव्हती. पण शेड रिकामी करा, असं राणीसाहेबांनी बजावलं होतं, आणि तिथे भल्याभल्यांचं काही चालत नसे. तेव्हा सरकारांनी शक्कल काढली. ट्रॅक्टर विकायचा, पण अशा अटीवर की तो कुणाला नेताच येणार नाही.

कारभारी अंतोबांनी अटीचा कागद खणखणीत आवाजात वाचला. घेणाऱ्याने किंवा त्याच्या माणसाने ट्रॅक्टरला हात लावायचा नाही. बैल जुंपायचे नाहीत, दोर बांधायचा नाही, दुसऱ्या गाडीवर चढवायचा नाही. तरीही दिवस मावळायच्या आत तो घेणाऱ्याच्या दारात उभा पाहिजे. नाही जमलं, तर पुढचा हंगामभर घेणाऱ्याने सरकारांच्या बागेत फुकट राबायचं.

हौसाची गावाबाहेर रोपवाटिका होती. वाफ्यांमधली वाट इतकी चिंचोळी की बैलजोडी शिरत नसे आणि मोठा ट्रॅक्टर वळत नसे. आजवर तिचे वडील भिकोबा कुदळीने सगळं खणत आले. यंदा त्यांच्या कंबरेने हात टेकले. वाफे खणले नाहीत तर नवी रोपं नाहीत, आणि हंगाम दुसऱ्याच्या बागेत गेला तर रोपवाटिकाच बुडाली. तरी हौसाने कागदावर सही ठोकली.

"आता जनावर बघू द्या की, सरकार," ती म्हणाली.

"जनावर?" सरकार चपापले.

"बैल घ्यायचा म्हंजे आदी चालवून बघत्यात. इकणारा कासरा धरून चालवितो, घेणारा लांबनं बघतो. आन मला तर हात लावायची बी बंदी हाय."

बोलणं रास्त होतं. शिवाय ट्रॅक्टर चालवून दाखवा म्हणणारं गिऱ्हाईक सरकारांना पहिल्यांदाच भेटत होतं. त्यांनी कोट उतरवून अंतोबांच्या हातात दिला.

हौसा दोन्ही हात पाठीशी बांधून ट्रॅक्टरभोवती फिरली. खूर बघावेत तसे तिने टायर न्याहाळले आणि लाथ मारतो का, असं विचारलं. सरकार म्हणाले, हँडल मारताना नीट धरलं नाही तर मारतो. मग सुरू पेट्रोलवर करायचा आणि गरम झाला की रॉकेलवर घ्यायचा, हे त्यांनी इतक्या मायेने समजावलं की अंतोबांनाही नवल वाटलं. दुसऱ्या हँडलला इंजिन धडधडलं. सरकारांनी बागेला ऐटीत एक फेरी मारली.

हौसाने नाक मुरडलं. सपाटीवर काय, वासरूसुद्धा पळतं, म्हणाली. चढाला दम लागत असेल.

"दम? याला?" सरकार तडकले आणि फाटकातून थेट खिंडीच्या चढाला लागले. मागे हौसा, तिच्यामागे एका हातात कोट आणि दुसऱ्या हातात कागद सावरत अंतोबा. ट्रॅक्टर चढ सहज चढला.

वर पोचल्यावर हौसाला नवी शंका आली. गर्दीत बुजत तर नाही? सरकारांनी ट्रॅक्टर सरळ खिंडीपलीकडच्या बाजारपेठेत घातला. लोक दुकानांतून उठून मुजरे करू लागले, तशी सरकारांची छाती फुगली आणि त्यांनी पेठेला आणखी एक फेरी मारली. दिवस कलत होता. हौसाने दोनदा सूर्याकडे पाहिलं. फेरी संपताच, चिखलात रुतून बसेल बहुतेक, एवढंच पुटपुटली. सरकारांनी ओढा पार केला. गुडघाभर चिखलातून अंतोबाही पार झाले.

ओढ्यापलीकडे हौसाची रोपवाटिका होती. ती मान हलवत म्हणाली, सगळं खरं, पण वाफ्यांमधल्या एवढ्याशा वाटेत हा काही वळायचा नाही. सरकारांनी बाह्या वर सारल्या. वांगी आणि मिरचीच्या रोपांमधून त्यांनी ट्रॅक्टर असा वळवला की एका पानाला धक्का लागला नाही, आणि थेट दारातल्या फणसाखाली आणून उभा केला.

"बोल आता! आहे का काही खोट?"

"तिळभर न्हाई, सरकार. पसंत हाय." हौसाने गूळपाणी पुढे केलं.

सरकार घटाघटा पाणी प्यायले आणि पुन्हा सीटवर बसू लागले. "ठीक. आता हा शेडमध्ये नेऊन लावतो. मग बघू, हात न लावता तू कसा आणतेस ते."

"परत कशापायी न्यायचा? माझ्याच दारात उभा हाय की त्यो. दिवस बी अजून मावळला न्हाई."

सरकारांनी सूर्याकडे पाहिलं, फणसाकडे पाहिलं, मग अंतोबांकडे. अंतोबांनी धापा टाकत कागद वाचला. घेणाऱ्याने हात लावायचा नाही, घेणाऱ्याच्या माणसाने लावायचा नाही. बैल, दोर, गाडी, सगळं होतं.

"हिने फसवलंय आम्हाला! आणला कुणी इथवर?"

"इकणाऱ्यानं," हौसा म्हणाली. "त्येचं नाव कागदात हाय का, सरकार?"

अंतोबांनी कागद उलटून मागची बाजूही पाहिली आणि नकारार्थी मान हलवली.

सरकारांनी कागद हातात घेऊन स्वतः वाचला. मग ते असे खदखदून हसले की घरातून भिकोबा कंबर धरत बाहेर आले. सरकारांनी तिच्याकडून एक पैही घेतली नाही. उलट शेडमधला छोटा नांगर आणि कुळव उद्याच इथे पोचवायचा हुकूम त्यांनी अंतोबांना सोडला.

"पण पोरी, तुला हा चालवता येतो का?"

"कुटलं यायला! कुनी हात लावू दिलाय व्हय?"

सरकार हसत खाली उतरले आणि रिकाम्या सीटवर थाप मारून म्हणाले, "चढ वर. आता लाव हात. आम्ही शिकवतो."