विक्रीपत्रातून सुटलेली वाट

पूर्वी नदीकाठच्या शंखपुरात राजा अरिंदमाचे राज्य असताना बोधिसत्त्व व्यापाऱ्याच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव यशोमित्र.

कोठार बांधण्यासाठी यशोमित्राने तालक नावाड्याची काठावरची जमीन विकत घेतली. जमिनीतून नावेकडे जाणारी वाट लोकांना कायम खुली राहील, असे दोघांनी त्या वाटेवरच उभे राहून ठरवले. लेखनिकाने ताडपत्रावर चारी बाजूंच्या सीमा लिहिल्या, पण वाट लिहायची राहून गेली. तालकाला वाचता येत नव्हते आणि यशोमित्राने न वाचताच मुद्रा उठवली.

पुढे तालक वारला. त्याची बायको चंपा नाव चालवू लागली. पलीकडच्या गावांतली माणसे तिच्याच नावेतून येत.

एकदा राजाचा भांडारी यशोमित्राकडे आला. सैन्याच्या धान्यासाठी राजाला ती जागा कुंपण घालून हवी होती, आणि बदल्यात भर बाजारातली पेढी देऊ केली होती. वाट खुली ठेवायची आहे असे सांगून यशोमित्राने पत्र काढले, तेव्हा तिचा उल्लेखच नाही हे त्याच्या प्रथम ध्यानात आले. भांडारी म्हणाला, मग तर अडचणच मिटली. नावाडी गेला आणि साक्षीला कोणी नाही.

यशोमित्र पत्राकडे पाहत राहिला. पेढीचा मोह आपल्या मनात शिरला आहे हे त्याने ओळखले, आणि तो झटकून पत्र बाजूला ठेवले.

"साक्षीदार आहे," मग तो म्हणाला. "मी होतो ना तिथे."

चंपेला बरोबर घेऊन तो राजसभेत गेला आणि पत्रात वाट लिहून घ्यावी अशी त्याने विनंती केली. राजाला नवल वाटले. जागा द्यायची नसेल तर लोकांना खुशाल जाऊ द्यावे, त्यासाठी स्वतःचे पत्र कशाला उणे करायचे, असे त्याने विचारले.

"महाराज, माझ्या मागून येणारे हे पत्र वाचतील. माझे मन त्यांना वाचता येणार नाही."

राजाने पत्र दुरुस्त करवले. पेढी अर्थातच हातची गेली. सभेबाहेर चंपा त्याच्या पाया पडू लागली, तुमच्यासारखा दाता पाहिला नाही म्हणाली.

"बाई, मी काही दिलेले नाही," यशोमित्र म्हणाला. "ती वाट मी कधी विकत घेतलीच नव्हती."

एवढे सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, विहारात समोर बसलेल्यांकडे पाहिले. तेव्हाची चंपा म्हणजे विहारात रोज पाणी आणणारी ही उपासिका, तो भांडारी आज भिक्षूचे चीवर पांघरून येथेच बसला आहे, आणि तो व्यापारी मीच होतो, असे ते म्हणाले. त्या जन्मी त्यांनी जोपासली ती दानपारमिता, म्हणजे दानाची परिपूर्णता नव्हती, सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता होती.